टर्बो गेला की नळी गेली?

पूर्वी टर्बो म्हटलं की ट्रक, एसटी, नाहीतर स्कॉर्पिओसारखी डिझेल गाडी डोळ्यांपुढे यायची. मग २०१७ मध्ये टाटा नेक्सॉनचं १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन टर्बोसकट आलं, २०१९ मध्ये ह्युंदाई व्हेन्यू आली, २०२३ मध्ये मारुती फ्राँक्स. आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या साध्या चारचाकीतही टर्बो असतो. त्यामागोमाग डॅशबोर्डवर एक जास्तीचं गोल मीटर लावून घ्यायची हौस आली. त्याचं नाव बूस्ट गेज.

गेज बसलं की काही महिने मालक खूश असतो. मग एक दिवस लक्षात येतं की पूर्वी घाटात १ बारपर्यंत जाणारा काटा आता ०.६ च्या पुढे हलत नाही. गॅरेजमध्ये दाखवलं की कोणीतरी बोनेटमध्ये डोकावून सांगतो, "टर्बो गेला." टर्बो बदलायचा खर्च सहज पाच आकड्यांत जातो. आणि बऱ्याचदा बिघडलेली असते ती गेजकडे जाणारी शे-दोनशे रुपयांची नळी. म्हणूनच हे मीटर काय मोजतं, त्याची नळी कुठून कशी न्यायची आणि ती कधी बदलायची, हे मालकाला ठाऊक हवं. मेकॅनिकला शिकवायला नव्हे, त्याला योग्य प्रश्न विचारता यावा म्हणून.

गेज मोजतं तरी काय?

सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूवर टर्बोचं एक चाक फिरतं. त्याच दांड्यावर पलीकडे दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा ओढून दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूची यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं.

आपल्याभोवतीची हवा समुद्रसपाटीला साधारण १ बार दाब देते. टर्बो या दाबावर जी भर घालतो ती म्हणजे बूस्ट. गेजवर १ बार दिसतं तेव्हा इंजिनात जाणाऱ्या हवेचा खरा दाब २ बारच्या आसपास असतो. काही गेजवर बारऐवजी पीएसआय असतं, टायरमध्ये "बत्तीस भर" म्हणतो तेच. १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय.

काट्याच्या साध्या गेजमध्ये वीज लागत नाही. आत पितळेची चपटी, वळवलेली नळी असते. दाब आला की ती किंचित सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. फ्रान्सच्या यूजीन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये या नळीचं पेटंट घेतलं आणि आजही वेल्डिंगच्या गॅस सिलिंडरवरच्या मीटरपासून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरपर्यंत तीच कामाला आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. इंजिनापासून गेजपर्यंतच्या नळीतून हवा वाहत नसते. तिथे हवा अडकून उभी असते आणि तिच्यातून फक्त दाब पोचतो. दवाखान्यातलं काट्याचं बीपीचं यंत्र आठवा. त्याच्या रबरी नळीला भोक पडलं तर काटा खाली येईल, पण म्हणून पेशंटचं बीपी उतरलं असं कुठलाच डॉक्टर म्हणणार नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच म्हणतो.

"इंजिन चालू आहे, तरी काटा शून्यावर. गेज बाद आहे का?"

गाडी डिझेल असेल तर बहुतेक काही बिघडलेलं नाही. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. पाय काढला की ती जवळजवळ बंद होते, इंजिन आतून ओढत राहतं आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या पाइपात, निर्वात तयार होतो, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब. त्यामुळे पेट्रोल गाडीचा काटा आयडलला, म्हणजे पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना, शून्याच्या बराच खाली असतो, धडधाकट इंजिनात उणे ०.६ बारच्या आसपास. डिझेलमध्ये हवा अशी अडवत नाहीत, म्हणून काटा शून्यावर किंवा त्याच्या जवळपास बसतो. डिझेल गाडीला निर्वाताची पट्टी असलेलं गेज घेतलं तर अर्धी डायल नुसती शोभेला राहते. दुकानदार हे सांगत नाही, कारण त्याच्याकडे बहुधा एकच प्रकार असतो.

नळी कुठून काढायची

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. बोनेट उघडलं की बोटाएवढ्या जाडीच्या सारख्याच दिसणाऱ्या काळ्या नळ्या चारी दिशांना गेलेल्या असतात. त्यातली हाताला येईल ती कापायची, मध्ये "टी" घालायचा आणि तिसऱ्या तोंडाला गेजची नळी लावायची, हा सोपा मार्ग. तो कधी चालतो, कधी अंगाशी येतो.

हवी असलेली जागा म्हणजे इंटरकूलरच्या पुढे, इनटेक मॅनिफोल्डवर. टर्बोतून निघालेली तापलेली हवा इंटरकूलरमध्ये थंड होते आणि तिथे थोडा दाब गमावते. इंटरकूलरच्या आधी नळी जोडली तर आकडा मोठा दिसेल, पण इंजिनाला मिळणारा दाब तो नव्हे.

डिझेलमध्ये धोका वेगळा आहे. आयडलला निर्वात मिळत नाही म्हणून डिझेल गाडीत ब्रेकच्या मदतीसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, आणि बऱ्याच इंजिनांत टर्बोच्या पाकळ्या (चाकाकडे जाणाऱ्या वायूची वाट कमी-जास्त करणाऱ्या) किंवा ईजीआरची (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी) झडप हलवायलाही तोच निर्वात वापरतात. या नळ्या दिसायला बूस्टच्या नळीसारख्याच. त्यातल्या एखाद्या नळीत टी घातला तर गेज भलतंच दाखवतं, आणि पुढे तो टी सैल झाला तर टर्बो नीट चालत नाही किंवा ब्रेकचं पेडल जड होतं. तपासायची साधी रीत म्हणजे डिझेल इंजिन आयडलला ठेवून काढलेल्या नळीच्या तोंडाशी बोट धरायचं. बोट ओढलं गेलं तर ती आपली नळी नव्हे, जिथली तिथे घट्ट लावून टाका.

पेट्रोलमध्ये दोन नळ्या टाळाव्यात. इंधनाच्या दाबाच्या रेग्युलेटरकडे जाणारी पहिली. ती गळली तर बूस्टमध्ये इंधन कमी पडतं. दुसरी वेस्टगेटकडे जाणारी. वेस्टगेट म्हणजे बूस्ट फार वाढू नये म्हणून जास्तीचा वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप. काही गाड्यांत तिला "आता उघड" हा निरोप हवेच्या दाबानेच जातो. त्या नळीत गळती झाली की निरोप अर्धवट पोचतो, झडप उशिरा उघडते आणि बूस्ट मर्यादेबाहेर चढतो. म्हणजे मोजायला लावलेल्या मीटरनेच इंजिन धोक्यात आणलं.

जुन्या यांत्रिक पंपाच्या टर्बो डिझेलमध्ये पंपाच्या डोक्यावर जाणारी एक बूस्टची नळी असते. बूस्ट येईल तसं डिझेल वाढव, एवढं तिचं काम. तिथे टी चालतो, पण गळला तर डिझेल वाढतच नाही. धूर नाही, आवाज नाही, फक्त गाडी ओढत नाही. असली गाडी चार गॅरेज फिरते.

नव्या गाड्यांत दाबाचा सेन्सर थेट मॅनिफोल्डवर बसवलेला असतो, मध्ये नळीच नसते. तिथे सेन्सरखाली बसणारा, बाजूला तोंड असलेला अडॅप्टर मिळाला तर उत्तम. पाइपला भोक पाडून आटे मारायचे असतील तर पाइप गाडीतून काढूनच ते काम करा. जागच्या जागी ड्रिल केलं तर धातूचा कीस सरळ सिलिंडरमध्ये जातो.

कोणती नळी?

काट्याच्या अनेक गेजसोबत बाहेरून ⅛ इंचाची, म्हणजे साधारण ३ मिलिमीटरची पांढरी नायलॉनची नळी येते. ती स्वस्त आणि सरळ असते, पण उष्णतेने पिवळी पडून ठिसूळ होते आणि एकदा मोडून घडी पडली की ती घडी कायमची. टर्बोच्या गरम बाजूला टेकली तर वितळते. घाटात जोरात चढताना टर्बोचं ते घर लालसर होण्याइतकं तापू शकतं.

सिलिकॉनची नळी उष्णता छान सोसते, लवचिक असते, आतून ४ मिलिमीटरची सहज मिळते. मला बहुतेक गाड्यांसाठी हीच पटते. तिचे दोन दोष आहेत. तेलाच्या वाफेत ती फुगून मऊ पडते, आणि धारदार कडेवर घासली तर ब्लेडने कापल्यासारखी चिरते. पेट्रोल गाडीसाठी जाड भिंतीची घ्या, पातळ नळी निर्वातात चपटी होते. जिथे तेलाची वाफ जास्त आहे तिथे इंधनासाठी बनवलेला रबरी पाइप बरा.

एक नळी मात्र अजिबात नको. माशांच्या टाकीला लावतात ती पारदर्शक. मापात चपखल बसते आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, म्हणून ती बोनेटखाली नेहमी सापडते. गरम झाली की ढिली होऊन निसटते, थंड झाली की दगड.

आणि उंदीर. आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीत मऊ नळी कुरतडलेली सापडणं आपल्याकडे काही विशेष नाही. दातांच्या खुणा दिसल्या तर शेजारच्या वायरीही तपासून घ्या.

बोनेटमधून केबिनमध्ये

इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला फायरवॉल म्हणतात. तिच्यात आधीच रबरी ग्रोमेट बसवलेली भोकं असतात, ज्यातून वायरिंगचा जुडगा आत जातो. त्याच ग्रोमेटला छोटी चीर देऊन नळी न्यावी. नवीन भोक पाडायला ड्रिल उचलू नका. पलीकडे एसीचे पाइप, हीटर, वायरिंग काय काय आहे ते बाहेरून दिसत नाही. कड्या पत्र्यावरून उघडी नळी तर कधीच नेऊ नये.

ग्रोमेटमध्ये शिरण्याआधी नळीला खाली एक झोल द्यावा, म्हणजे पावसात नळीवरून ओघळणारं पाणी त्या झोलाच्या तळाशी गळून पडेल. हे नसलं की कोकणातल्या एका पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट ओलं होतं आणि दोष दरवाजाच्या बीडिंगला जातो. आत आल्यावर नळी पेडल आणि स्टेअरिंगच्या दांड्यापासून लांब बांधायची. क्लचमध्ये अडकलेली नळी ही गंमत नव्हे.

तेलाच्या दाबाचं मीटरही बसवायचं असेल तर ते विजेचंच घ्या. काट्याच्या तेल-मीटरची नळी उकळतं इंजिन ऑइल केबिनमध्ये आणते. ती फुटली तर पाय भाजतात. बूस्टची नळी फुटली तर फक्त फुस्स आवाज येतो.

नळी बदलताना

इंजिन थंड असू द्या. जुनी नळी ओढून उपटू नका, विशेषतः प्लॅस्टिकच्या तोंडावरून. ते तोंड तुटलं की नळीचा खर्च मॅनिफोल्डवर जातो. नळीला ब्लेडने उभी चीर द्या, ती सोलून निघते. ब्लेड तोंडावर ओरखडा पाडणार नाही एवढं बघा, कारण त्या ओरखड्यातूनच पुढे गळती होते.

जुनी नळी फेकण्याआधी चाचपून पाहा. तिच्यात मण्याएवढा पितळेचा तुकडा असू शकतो, मध्ये सुईएवढं भोक असलेला. त्याला रेस्ट्रिक्टर म्हणतात. इंजिनाचे धक्के तो शोषतो, म्हणून काटा थरथरत नाही. नळी बदलल्यावर काटा एकदम थरथरायला लागला तर हा मणी कचऱ्यात गेला असं समजा. या मण्यामुळे आणखी एक गोष्ट होते. भोकातून हवा फार हळू आत येते, म्हणून त्याच्या पुढे गेजच्या बाजूला बारीकशी गळती असली तरी काटा खूप खाली पडतो.

नवीन नळीचं टोक काटकोनात कापा, तिरकं नको. नायलॉनच्या नळीत नटाखाली पितळेची छोटी रिंग येते, ती दरवेळी नवीन घालायची. नट हाताने घट्ट करून पान्याने थोडासाच पुढे न्यायचा. जास्त आवळला की रिंग नळीच कापते. आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळताना पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचा धागा आत जाऊन तेच बारीक भोक बुजवतो. नळीला वाटेत तेल किंवा पाणी साचेल असा खड्डा नको, गेजकडून इंजिनाकडे उतार राहिलेला बरा. (ग्रोमेटबाहेरचा झोल त्याला अपवाद, तो उथळ ठेवा.) दर वीतभर अंतरावर केबल टाय लावा, पण नळी चिमटेल इतका आवळू नका.

मग तपासणी. इंजिन बंद, नळीचं इंजिनाकडचं टोक मोकळं करा आणि त्यात मेडिकलमधली मोठी, बिनसुईची सिरिंज बसवा. दट्ट्या हळूहळू दाबा. काटा वर जाईल. दट्ट्या तिथेच धरून ठेवा. काटा जागेवर राहिला तर नळी आणि गेज दोन्ही ठीक, खाली सरकू लागला तर गळती. कुठे आहे ते साबणाच्या पाण्याच्या फेसात दिसतं.

"एवढं कशाला? ओबीडीचं डोंगल लावलं की मोबाइलवर दिसतं."

खरं आहे, आणि बऱ्याच लोकांना मी तेच सुचवेन. ओबीडी म्हणजे गाडीच्या संगणकाशी बोलायचं स्टेअरिंगखालचं सॉकेट. मॅनिफोल्डचा दाब तिथून मिळतो. ना नळी, ना भोक.

फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. डोंगल एकूण दाब किलोपास्कलमध्ये दाखवतं, बाहेरच्या हवेसकट. पुण्यात बाहेरचा दाब साधारण ९५ किलोपास्कल. अ‍ॅपवर १९५ दिसले तर बूस्ट १००, म्हणजे १ बार. लेहला बाहेरचाच दाब ६५ च्या आसपास असतो. तिथे काट्याच्या गेजवर तोच १ बार दिसला तरी इंजिनाला एकूण १६५ किलोपास्कलच मिळताहेत. लडाखला "बूस्ट पूर्ण आहे तरी गाडी दमते" याचं उत्तर यात आहे.

दुसरी गोष्ट, या दाबाचा नेहमीचा आकडा ओबीडीवर २५५ किलोपास्कलच्या वर जाऊच शकत नाही, त्याच्यासाठी तेवढीच जागा ठेवलेली आहे. समुद्रसपाटीला म्हणजे साधारण १.५ बार बूस्ट. त्याहून जास्त बूस्टचं डिझेल इंजिन असेल तर अ‍ॅप २५५ वर अडून बसतं आणि मालकाला वाटतं टर्बो तिथेच थांबतो.

विजेचं गेज हा मधला मार्ग. सेन्सर बोनेटखाली, आखूड नळीवर. केबिनमध्ये फक्त वायर येते. सेन्सर इंजिनाऐवजी बॉडीवर, तोंड खाली करून बसवा, म्हणजे त्यात तेल साचत नाही. वीज फ्यूजमधूनच घ्या. पिवळ्या वेष्टनातल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही. काचेच्या बाजूच्या खांबावर गेज बसवायची फॅशन आहे, पण पडद्यासारखी एअरबॅग असलेल्या गाडीत ती त्याच खांबातून उघडते. तिथे बसवलेलं गेज अपघातात तोंडावर येईल.

वॉरंटी आणि आरटीओ

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये फेरफार म्हणजे गाडीच्या रचनेत केलेला, तिचं मूळ वैशिष्ट्य बदलणारा बदल. बेकायदा फेरफारासाठी २०१९ च्या दुरुस्तीने मालकाला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. नुसतं मीटर लावल्याने गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलत नाही. खरा प्रश्न वॉरंटीचा. कापलेली वायर किंवा मॅनिफोल्डवरचं भोक दिसलं की सर्व्हिस सेंटरला नकाराचं निमित्त मिळतं. वॉरंटी चालू असेल तर डोंगलवर भागवा.

काटा खाली आला तर कुठून सुरुवात करायची

आधी गाडी चालवून बघा. काटा कमी दाखवतो पण गाडी पूर्वीसारखीच ओढते, तर संशय गेज आणि नळीवर. सिरिंज काढा. इंजिन बंद केल्यावर काटा शून्यावर परतत नसेल तर नळीत घडी पडली आहे, तेलाचा बोळा अडकला आहे किंवा गेजची आतली नळी कायमची वाकली आहे.

काटाही कमी आणि गाडीलाही पिकअप नाही, तर टर्बोच्या आधी इंटरकूलरचे जाड होज बघा. एखादं जुबली क्लिपखाली (होज आवळणाऱ्या स्क्रूच्या पट्टीखाली) चिरलेलं असतं, जोर लावला की सूं आवाज येतो, आणि डिझेल असेल तर काळा धूर. त्यानंतर वेस्टगेट किंवा पाकळ्या हलवणाऱ्या निर्वाताच्या नळ्या. काटा पूर्ण चढतो पण गाडी ओढत नाही, तर हवा पोचते आहे. डिझेल फिल्टर तुंबलाय का ते बघा.

हे सगळं निर्दोष निघालं तरच टर्बोचा पाइप काढून दांडा बोटांनी हलवून पाहायचा. किंचित खेळ असतोच. चाक घराच्या भिंतीला घासत असेल, पाती खरचटलेली असतील किंवा पाइपमध्ये तेलाचं डबकं असेल, तर गॅरेजवाला बरोबर होता.